कडक चिमटा

सुकेशनीच्या सायकलचं शॉकअप काढून टाकलं त्या दिवशी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ते बिघडलं होतं, म्हणून काढलं, एवढंच.

परभणीत एका शाळेच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये गोपीचंद सरांचं सायकल केंद्र होतं. सर त्याच शाळेत क्रीडाशिक्षक. डोंगरातल्या सायकल शर्यतींसाठी ते पोरापोरींना तयार करायचे. सायकली जाड टायरच्या, पण सगळ्या कुणीतरी वापरून सोडलेल्या. पुढचं चाक ज्या दोन दांड्यांत बसतं त्याला सायकलवाले चिमटा म्हणतात. या सायकलींच्या चिमट्यात स्प्रिंगचं शॉकअप होतं, पण जड आणि गंजलेलं. दगडावर आदळलं की आत जायचं आणि तिथंच अडकून बसायचं. सुकेशनीच्या सायकलचं तर तेल गळून गळून हँडल एका अंगाला ओढायला लागलं. नवीन शॉकअप मिळेना, तेव्हा सरांनी बाजारातून साधा लोखंडी चिमटा आणून बसवला. त्यात स्प्रिंग नाही, तेल नाही, हलणारं काहीच नाही.

"सध्या हे चालव," सर म्हणाले. "पुढं बघू."

सुकेशनी पेडगावची. वडील दत्तराव गावच्या नळाला पाणी सोडायचं काम करायचे, आई पंचफुला अंगणवाडीत सेविका. अकरावीला परभणीत नाव घातल्यावर ती गावाहून सायकलनंच यायला लागली. एकदा भरल्या ट्रॉलीच्या ट्रॅक्टरला मागं टाकून ती चढ चढली, ते मोटारसायकलवरून येणाऱ्या गोपीचंद सरांनी पाहिलं. पुढच्या वळणावर थांबवून त्यांनी तिला नाव विचारलं. केंद्रात ती अशी आली.

रविवारी टेम्पोत सायकली टाकून सगळे चारठाण्याकडं जायचे. देवळं बघायला येणारी माणसं गावातच थांबतात. यांची वाट गावापुढच्या डोंगरात, गुरांच्या पायवाटेनं वर जायची. मुरूम, काळे दगड, मध्ये एक कोरडी घळ, दोन्ही अंगांना सीताफळीची झुडपं. वर जाऊन पलीकडून उतरायचं आणि फेरा मारून परत चढाला लागायचं.

जड शॉकअप गेल्यामुळं सुकेशनीची सायकल हलकी झाली होती. चढाला ती सगळ्यांना मागं टाकायची. पायानं मारलेला सगळा जोर चाकात उतरायचा, पुढचं काही खाली-वर होऊन तो खाऊन टाकायचं नाही. उतार मात्र वेगळा होता. प्रत्येक दगडाचा दणका हँडलातून मनगटात, मनगटातून खांद्यात आणि तिथून दातांत जायचा. डोळ्यांपुढची वाट थरथरायची. ती दात आवळून उतरायची आणि खाली आल्यावर हात झटकत उभी राहायची. तरी जिल्ह्यात ती पहिली आली आणि राज्याच्या स्पर्धेत दुसरी.

परभणीच्या पेपरात तिचा फोटो आला. खाली छापलं होतं, शॉकअपविना डोंगर उतरणारी पेडगावची कन्या. दत्तराव पाणी सोडायला जाताना तो पेपर घडी करून खिशात ठेवायचे. सरांच्या बोलण्यात तर ती रोजच यायला लागली. "हिच्याकडं बघा," ते नव्या पोरांना सांगायचे. "सायकल कशी हाय याची हिनं कव्हा तक्रार केली नाही. मनगटात दम पाहिजे. सामान काय, येतं नि जातं."

सुकेशनीला ते ऐकायला फार आवडायचं. खरंतर तक्रार करावी असं तिला पुष्कळदा वाटलं होतं. पण आपण तक्रार न करणारी आहोत, असं चारचौघांत ठरल्यावर तिनं मनातल्या मनात करायचंही सोडून दिलं.

त्या पावसाळ्यानंतर पुण्याच्या एका जुन्या खेळाडूनं केंद्राला एक चिमटा पाठवला. शॉकअपचा, पण स्प्रिंगचा नव्हे, हवेचा. काळा, चकचकीत, हातात घेतला तर विश्वास बसू नये इतका हलका. लोखंडी चिमट्यापेक्षा थोडाच जड. छोट्या पंपानं चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणं त्यात हवा भरायची, आणि चढावर एक खटका दाबला की तो कडक होऊन बसायचा. शेडमधल्या सगळ्यांनी तो एकदा तरी दाबून पाहिला. पण तो एकच होता.

देशपातळीवरच्या स्पर्धेत जायची शक्यता असलेल्या पोरी दोन होत्या, सुकेशनी आणि ज्ञानेश्वरी. ज्ञानेश्वरी वालूरची. घरी चांगली शेती, बाजारात बियाण्याचं दुकान. परभणीत मावशीकडं राहायची. सुकेशनीपेक्षा वर्षानं लहान, म्हणून तिची शर्यत वेगळ्या गटात. दोघींचं चांगलं जमायचं. टेम्पोत शेजारी बसायच्या, एका डब्यात जेवायच्या. ज्ञानेश्वरी सपाटीवर वाऱ्यासारखी जायची, पण दगडांच्या उताराला घाबरायची. त्या महिन्यात ती घळीत दोनदा आपटली होती.

शनिवारी सराव संपल्यावर सरांनी सुकेशनीला मागं थांबवलं. चिमटा टेबलावर फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता.

"उद्या दोघीबी हा चालवून बघा," ते म्हणाले. "पण तू समजदार हायेस म्हणून तुला आधी सांगतो. ज्ञानेश्वरीला उतार जमंना. तिच्या घरचे आता बास करा म्हणायलेत. ती गेली तर एक चांगली पोरगी जाईल. तुझं तसं नाही. तुमच्याकडची माणसं मुळातच काटक. तुझ्या हाताला काय होतंय?"

"काय न्हाई सर," सुकेशनी म्हणाली.

"तेच म्हणायलो मी. तुझी ओळखच कडक चिमट्यानं झाली. उद्या शॉकअप लावून जिंकलीस तर लोक म्हणतील, शॉकअपनं जिंकली." ते हसले. "बघ बाबा. शेवटी तुझं तू ठरव. माझी जबरदस्ती नाही."

घरी आल्यावर तिनं हे आईला सांगितलं. पंचफुला भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"तुमच्याकडची माणसं म्हंजी कुठली? पेडगावची का?"

"तसं न्हाई म्हनले गं माय ते."

"मग कसं म्हनले?"

सुकेशनी चुलीत काटक्या सारायला लागली.

"दगडावर आदळल्यावर त्या वालूरच्या पोरीला लागतंय आन् तुला लागत न्हाई का?" पंचफुलानं भाकरी तव्यावर टाकली. "तुला पाहिजे का न्हाई तेवढं सांग. पाहिजे असंल तर पाहिजे म्हन. तोंड दिलंय की."

दत्तराव बाजेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "सरांनी तिला इथवर आनलं. त्यांच्या मनाबाहीर जाऊन कसं जमंल?"

"मनाबाहीर कोन जायलंय? ते तर म्हनायलेत तूच ठरव म्हून," पंचफुला म्हणाली, आणि चुलीकडं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या पायथ्याला सरांनी स्वतः पाना घेऊन सुकेशनीच्या सायकलला तो चिमटा बसवला, तिच्या वजनाप्रमाणं हवा भरली. ती निघाली. चढावर खटका दाबला, तर चिमटा जवळजवळ लोखंडी चिमट्यासारखाच कडक झाला. थोडा जडपणा लागला, पण थोडाच. माथ्यावर पोचून तिनं खटका सोडला आणि उताराला लागली.

पहिल्या दगडाला तिनं सवयीनं दात आवळले. दणका आलाच नाही. चाक दगडावरून वर गेलं, खाली आलं, आणि हँडल तिच्या हातात शांत राहिलं. तेव्हा तिला वाट दिसली. इतके दिवस ती ज्या वाटेनं उतरत होती ती तिनं नीट कधी पाहिलीच नव्हती. दगड वेगवेगळे दिसत होते, घळीत डावीकडून एक गुळगुळीत पट्टी होती, ती दिसली. तिथून ती ब्रेक न लावता गेली. झुडपांच्या फांद्या दंडाला लागत होत्या आणि ती मोठ्यानं हसत होती. खाली आली तेव्हाही हसूच होतं तोंडावर. हात झटकायची गरज पडली नव्हती.

सरांच्या हातात स्टॉपवॉच होतं. त्यांनी ते पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. सुकेशनी धापा टाकत म्हणाली, "किती आला सर?"

"बरा आलाय," सर म्हणाले, आणि अंगठ्यानं बटण दाबून घड्याळ शून्यावर आणलं.

मग तोच चिमटा ज्ञानेश्वरीच्या सायकलला लावला. तीही फेरा मारून आली. न पडता आली. सरांनी तिची वेळ सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली, आधीपेक्षा बरीच चांगली होती. मग त्यांनी सगळ्यांना टेम्पोजवळ गोळा केलं आणि मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला.

"तर आता प्रश्न असाय," सर मोबाईलकडं बघत म्हणाले, "की हा हलका शॉकअप कुणाला द्यायचा. आपल्या केंद्रात जबरदस्ती नसती. आपण सुकेशनीलाच विचारू. ती मोठी हाय. बोल बेटा, तुला या शॉकअपची गरज हाय का?"

सगळे तिच्याकडं बघत होते. ज्ञानेश्वरी मान खाली घालून हेल्मेटचा पट्टा सोडवत होती. मोबाईल तोंडासमोर होता. पाहिजे, हा शब्द सुकेशनीच्या तोंडात आलेला होता. पण सरांनी पाहिजे का, असं विचारलं नव्हतं. गरज आहे का, असं विचारलं होतं. गरज आहे म्हणायचं म्हणजे पेपरात छापलेलं, सरांनी सांगितलेलं, बापानं खिशात घालून मिरवलेलं सगळं खोटं म्हणायचं.

"न्हाई सर," ती म्हणाली. "मला कडकच बरा. ज्ञानेश्वरीला द्या."

त्या वेळी टाळ्या वाजल्या. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत जिल्ह्यातल्या सगळ्या क्रीडाशिक्षकांच्या मोबाईलवर गेला होता.

दिवाळीनंतर सुकेशनीच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. आधी उतारानंतर थोडा वेळ, मग दिवसभर. मग सकाळी उठल्यावरही मुंग्या असायच्या. वेणी घालताना पेड सुटायचे. एकदा आईच्या हातातून चहाचा कप घेतला आणि तो सुकेशनीच्याच पायावर पडला. पंचफुलानं तिचा हात धरून ती दोन बोटं दाबली.

"कळायलंय का?"

"जरासं."

दुसऱ्याच दिवशी पंचफुला तिला परभणीला डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी मनगट वाकवून पाहिलं, सुई टोचून पाहिली. तळहाताच्या कडेची शीर सतत दाबली जाऊन, सतत हादरून सुजली आहे, असं त्यांनी सांगितलं. दोन-तीन महिने सायकल बंद ठेवा, नाहीतर बोटातला जोर कायमचा जाईल. बाहेर आल्यावर पंचफुला म्हणाली, "आता जा आन् त्यो शॉकअप माग."

"काय म्हनून मागू? सगळ्यायसमोर नको म्हनले मी."

"हात बधिर पडायलाय म्हनून माग."

"मग टीममधूनच काढतील. दोन महिन्यावर आलीय स्पर्धा."

"काढू दे."

"माय, तुला कळत न्हाई."

पंचफुलाला कळत होतं. पोरगी आता अठराची झाली होती, देशात नंबर आला की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागते हे घरात सगळ्यांना पाठ होतं. ती गप्प बसली, आणि आपण त्या दिवशी गप्प बसलो हे तिनं स्वतःला नंतर कधी माफ केलं नाही.

सुकेशनीनं सरांना अर्धंच सांगितलं. हाताला मुंग्या येतात, एवढंच. सरांनी तिला जाड हातमोजे दिले, हँडलच्या मुठींवर फोम गुंडाळून दिला. "सगळ्यांना होतं हे," ते म्हणाले. "माझ्या वेळी तर रक्त यायचं." त्यांच्या बोलण्यात कळवळा होता. त्यांना खरंच वाटत होतं की एवढ्यानं भागेल.

स्पर्धा उत्तरेत, एका पहाडी गावाजवळ होती. तिथला उतार चारठाण्याच्या उताराच्या कितीतरी पट लांब. देवदाराची मुळं वाटेवर आडवी पसरलेली, मध्येच सुटे दगड. सरावाच्या पहिल्या फेरीनंतर सुकेशनी खाली आली तेव्हा तिला हाताची बोटं एकेक करून हँडलवरून सोडवावी लागली.

ज्ञानेश्वरीची शर्यत एक दिवस आधी झाली. ती तिसरी आली. गळ्यात पदक घालून ती सुकेशनीला घट्ट बिलगली आणि रडली. सरांच्याही डोळ्यांत पाणी होतं. परभणीहून आलेल्या कुणालाही तोवर असं पदक मिळालेलं नव्हतं. फोटो झाले, वालूरला फोन झाला. सगळं निवल्यावर सुकेशनी सरांपाशी गेली. ज्ञानेश्वरीची सायकल भिंतीला टेकून उभी होती, पुढं तो काळा चिमटा.

"सर, तो आता रिकामाच हाय. मला लावून देता का?"

सरांनी तिच्याकडं पाहिलं. "कामून? काय झालं?"

"हात लय दुखायलाय. उतार लांब हाय. बोटं धरंनात."

सरांनी ज्ञानेश्वरीच्या सायकलचा चिमटा एकदा दाबून पाहिला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "सुकेशनी, शर्यतीच्या आदल्या दिवशी चिमटा बदलत नसतात. पुढची उंची बदलती. वळणावर सायकल वेगळी वागती. ब्रेक लावला की पुढं झुकती. तुला सवय नाही त्याची. कुठला कोच परवानगी देईल?"

यात चूक काहीच नव्हतं. असं करायचं नसतं हे सुकेशनीलाही माहीत होतं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तिनंही हेच सांगितलं असतं. सवय नव्हती हे खरं होतं. ती का नव्हती, हे तिथं उभं राहून बोलायला तिला सुचलं नाही. ती हो सर म्हणाली आणि जेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या फेरीला ती तिसरी होती. चढावर तिनं दोघींना मागं टाकलं होतं, दुसरी पोरगी समोर दिसत होती. उताराच्या निम्म्यात मुळांचा पट्टा आला. पहिल्या मुळाला हात उडाला, तिनं तो परत मुठीवर ठेवला. तो ठेवला आहे असं तिला दिसत होतं, जाणवत नव्हतं. दुसऱ्या मुळाला डावी मूठ हातातून सुटली, हँडल फिरलं आणि ती सायकलवरून पुढं, दगडांवर गेली.

मनगटाची दोन हाडं मोडली. परभणीत आणून पट्टी टाकली, स्क्रू बसवले. हाडं जुळली. बोटं मात्र परत आली नाहीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्धवट वाकून राहिली. डॉक्टरांनी दत्तरावांना सांगितलं, शीर आधीच कमजोर झाली होती, त्यात हा मार. दत्तरावांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन पुढच्या वर्षी पळवंल ना सायकल?" डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

गोपीचंद सर दवाखान्यात दोनदा आले. सफरचंदं घेऊन आले. पंचफुलानं त्यांना बसा म्हटलं नाही.

दोन वर्षं गेली. ज्ञानेश्वरीला संभाजीनगरला सरकारी नोकरी लागली. सुकेशनी बाहेरून बी.ए. करत होती आणि पेडगावातल्या सेतू केंद्रात टायपिंग करायची. की-बोर्डावर डाव्या हाताची दोन बोटं हवेतच राहायची, त्यांचं काम बाकीची बोटं करायची. शेतकरी सातबाऱ्याच्या, दाखल्याच्या कामाला यायचे, त्यांतला एखादा तिला ओळखून म्हणायचा, "तूच ना गं ती, बिनशॉकअपची?" ती मान हलवायची आणि आधार नंबर विचारायची.

त्या हिवाळ्यात गोपीचंद सरांचा फोन आला. चारठाण्याच्या शाळेत मुलींचं शिबिर लावलं होतं. सगळ्याजणींच्या सायकली नव्या, सगळ्यांना हवेचे हलके चिमटे. ज्ञानेश्वरीही येणार होती. तुझा सत्कार करायचाय, नाही म्हणू नको, असं सर म्हणाले. पंचफुला म्हणाली, "जाऊ नको." सुकेशनी गेली. त्या डोंगराकडं तिला एकदा बघायचं होतं.

शाळेच्या सभागृहात पोरी सतरंजीवर बसल्या होत्या. सरांनी आधी ज्ञानेश्वरीला शाल दिली, मग सुकेशनीला. मग माईक हातात घेतला.

"आता ह्या दोघींकडनं काय शिकायचं ते ऐका. ज्ञानेश्वरीनं कोचचं ऐकलं. आणि ही सुकेशनी. हिच्याइतकी ताकद मी माझ्या आयुष्यात दुसऱ्या पोरीत पाहिली नाही. पण हट्टी! केंद्रात शॉकअप आला, मी म्हटलं घे. सगळ्यांसमोर विचारलं. नको म्हणाली, मला कडकच पाहिजे. व्हिडिओ हाय माझ्याकडं. मी काय करणार? शेवटी हात गेला. म्हणून सांगतो पोरींनो, असा हट्ट करू नका. शरीर हे पहिलं."

पोरी सुकेशनीच्या हाताकडं बघायला लागल्या. शाल तिच्या खांद्यावर होती. सरांनी माईक तिच्याकडं दिला, "बोल दोन शब्द." तिनं तो उजव्या हातात घेतला.

"मी नको म्हनले ते खरं हाय," ती म्हणाली. "पन सर, त्या दिवशी डोंगर उतरून मी खाली आले तव्हा घड्याळात किती वेळ आला होता, ते सांगा या पोरींना."

"कुठलं घड्याळ?" सर हसले. "इतकं जुनं कुणाला आठवणार बेटा?"

"मला सांगितलाच न्हाई तुमी. ज्ञानेश्वरीचा सांगितला. आन् आदल्या दिवशी मला थांबवून काय बोललात तेबी सांगा. आमच्याकडची मानसं काटक असत्यात म्हून."

सरांचा चेहरा क्षणभर उतरला. त्यांना काही आठवलं असावं, किंवा काहीच आठवलं नसावं. ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. मग त्यांनी हळूच माईक तिच्या हातातून काढून घेतला.

"अगं, ते कौतुकानं म्हटलं होतं मी," ते म्हणाले, आणि पोरींकडं वळून म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं? अजून तोच बाणा हाय."

पुढच्या रांगेतल्या पोरी हसल्या. वाईट मनानं नव्हे, सर हसले म्हणून हसल्या. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. सुकेशनी पायऱ्या उतरून बाहेर पडली.

जिंतूरवरून परभणीला जाणाऱ्या गाडीला वेळ होता. ती फाट्यावर झाडाखाली उभी राहिली. थोड्या वेळानं ज्ञानेश्वरी मागून आली. अंगावर चांगला ड्रेस, पायात बूट, धावत आल्यानं धाप लागलेली.

"सुके, थांब की. जेवून जा."

"भूक न्हाई."

दोघी शेजारी उभ्या राहिल्या. ज्ञानेश्वरीच्या हातात तिची शाल गुंडाळलेली होती. ती म्हणाली, "सर वाईट न्हाईत गं. त्यांना खरंच तसं वाटतंय आता. मी विचारलं होतं मागं एकदा. म्हणले, तिलाच नको होता."

"तुलाबी तसंच वाटतंय का?"

ज्ञानेश्वरीनं हातातली शाल आणखी घट्ट गुंडाळली. रस्त्यानं सरकीचा एक ट्रक गेला.

"न्हाई," ती म्हणाली. "तुला पाहिजे होता. तू खाली आलीस तव्हा तुझं तोंड बघितलं होतं मी. तुला असं हसताना मी कव्हाच बघितलं नव्हतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू?" ज्ञानेश्वरी दुसरीकडं बघत म्हणाली. "मलाबी पाहिजे होता."

सुकेशनीनं तिच्याकडं पाहिलं. इतक्या दिवसांत, दवाखान्यात, घरात, सेतूवर, या सगळ्या प्रकाराबद्दल कुणी तिच्याशी इतकं सरळ बोललं नव्हतं. तिला वाटलं होतं की असं कुणी बोललं तर आतून काहीतरी हलकं होईल. तसं काही झालं नाही. उलट आजवर राग सगळा एका माणसावर होता, तो आता कुठं ठेवायचा तेही कळेना.

"मला फोन तरी कर," ज्ञानेश्वरी म्हणाली. "तिकडं ऑफिसात टायपिंगच्या जागा निघत्यात. मी बोलते कुणाशी."

"नको," सुकेशनी म्हणाली.

ते ऐकून ज्ञानेश्वरी काहीतरी बोलायला गेली, पण तेवढ्यात गाडी आली. गाडीला गर्दी होती. सुकेशनीनं उजव्या हातानं दांडा धरला आणि वर चढली. कंडक्टरनं पुढं सरका म्हटलं, ती सरकली. एका म्हातारीनं पिशवी मांडीवर घेऊन तिला टेकायला जागा दिली आणि विचारलं, "कुठं जायलीस माय?"

"पेडगावला," ती म्हणाली. "परभणीहून दुसरी गाडी हाय."

म्हातारीनं तिच्या खांद्यावरच्या शालीला हात लावून पाहिला. "चांगलीय. कशाची दिली?"

सुकेशनी खिडकीबाहेर बघत राहिली. गाडी वळली तेव्हा डोंगर मागं गेला.

"अशीच दिली," ती म्हणाली.